बोटीपर्यंतची खिडकी

“ती बॅग उचला,” पेंढारकर काका म्हणाले.

“बॅग नाही, पिशवी आहे,” लाटकर मावशी म्हणाल्या, आणि उचलली नाही.

न्यूझीलंडमधल्या रोटोरुआ गावात, हॉटेलच्या दारात आमची बस उभी होती. बसच्या पहिल्या रांगेत वाटेकडच्या जागेवर लाटकर मावशी बसल्या होत्या. शेजारच्या खिडकीच्या जागेवर एक निळी कापडी पिशवी ठेवलेली. काका पायरीवर काठीला रेलून उभे, आणि त्यांच्यामागे बाकीची वीस माणसं थंडीत कुडकुडत, पण मोठ्या आशेने आत बघत होती. भांडण फुकट बघायला मिळत असेल तर मराठी माणसाला थंडी वाजत नाही.

मी त्या सहलीचा टूर मॅनेजर होतो. गोष्ट पंधराएक वर्षांपूर्वीची. पुण्याच्या एका कंपनीतर्फे मी निवृत्त लोकांना जग दाखवायचो. परदेशात माणसाला तीनच गोष्टी लागतात असं माझं तेव्हा मत झालं होतं: चहा, संडास आणि खिडकी. सहलीत भांडणं जेवणावरून होतात हा गैरसमज आहे. जेवणावरून लोक कुरकुरतात. भांडतात ते खिडकीवरून. म्हणून आमच्याकडे नियम होता, रोज सगळ्यांनी दोन रांगा मागे सरकायचं आणि मागच्यांनी पुढे यायचं.

लाटकर मावशी नियम पाळायच्या. रोज मागे सरकायच्या, पण दोन्ही जागा घेऊन. स्वतः वाटेकडे, खिडकीत पिशवी. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं, त्यांच्याबरोबरचं कुणीतरी संडासला गेलंय. दुसऱ्या दिवशी लोकांनी विचारलं. “जागा धरलेली आहे,” मावशी म्हणाल्या. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणाल्या, “आहे.”

त्यांच्या नावाने दोघींचं बुकिंग होतं आणि निघायच्या आधी त्यातलं एक रद्द झालं, एवढंच कंपनीने मला कळवलं होतं. कारण मी विचारलं नव्हतं. या वयात लोक गुडघ्यापायी रद्द करतात, नाहीतर सुनेपायी. जोडीदारीण आली नाही म्हणून बाई दोन जागा उबवतायत, असा आम्ही सगळ्यांनी अर्थ लावून टाकला. स्वतः खिडकीत बसत नाही आणि दुसऱ्यालाही बसू देत नाही, यावर लोकांचा जास्त राग होता.

मावशी सातारच्या. टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजवर ऑपरेटर होत्या, निवृत्त होऊन काही वर्षं झालेली. कडक इस्त्रीची सुती साडी, त्याखाली पांढरे बूट आणि बोलणं मोजून-मापून. जुन्या काळी ट्रंक कॉलवर आपण बोलत असताना ऑपरेटर मध्येच यायची आणि म्हणायची, “तीन मिनिटं झाली, वाढवायची का?” मावशींची ती सवय गेली नव्हती. कुणी मुलाच्या अमेरिकेतल्या घराचं वर्णन सुरू केलं, की त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “तीन मिनिटं झाली.” वाढवायची का, हे मात्र विचारायच्या नाहीत. त्यामुळे सहलीत त्यांना मैत्रीण मिळाली नव्हती.

पेंढारकर काका सांगलीचे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर. त्यांचा उजवा गुडघा वाकत नव्हता आणि पाय लांब करायला जागा फक्त पहिल्या रांगेत होती. म्हणजे त्यांची बाजू खरी होती. अडचण अशी, की ते खरी बाजूसुद्धा धरण फुटल्यासारखी मांडायचे.

“संदेश,” काका मला म्हणाले, “माणसाचा गुडघा मोठा की पिशवी मोठी?”

“काका, आजचा प्रवास अर्ध्या तासाचा आहे,” मी म्हणालो. “तेवढं सांभाळून घ्या.”

“मी आधीच पुण्याला फोन केलाय,” काका म्हणाले आणि पाय ओढत मागे गेले.

तो फोन मला आदल्या रात्रीच येऊन पोचला होता. आमचे मालक म्हणाले होते, “उद्या जेवणानंतर ती खिडकी पेंढारकरांची. बाईंना तू सांग.” मी हो म्हणालो होतो. मालकांना हो म्हणायला अक्कल लागत नाही. ती पुढे लागते.

त्या दिवशी आम्ही एका माओरी कुटुंबाच्या जमिनीवर जाणार होतो. त्यांच्या रानात गरम पाण्याचे झरे होते. प्रवाशांनी आधी पाण्यात बसायचं, मग रानात फिरून भाजी खुडायची आणि तीच भाजी झऱ्याच्या वाफेवर शिजवून जेवायचं, असा कार्यक्रम. बस दरीत उतरली तेव्हा झाडांतून जागोजागी वाफ वर येत होती आणि हवेत उकडलेल्या अंड्यांचा वास होता. ‘गंधक,’ असं काकांनी मागून जाहीर केलं.

तामाती नावाचा पन्नाशीचा रुंद माणूस आम्हाला घ्यायला आला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हलायचं नाही. मी त्याच्या इंग्रजीचं मराठी करून सांगत होतो.

“माझी आत्या मेरेआना जेवणाच्या वेळी भेटेल,” तो म्हणाला. “या घरात शेवटचा शब्द तिचा. पहिलाही तिचाच असतो, पण आज सकाळी ती दमली आहे. आता नियम. अंघोळीच्या पाण्यात खायचं नाही आणि वरच्या कुंडात कुणी बोटसुद्धा घालायचं नाही, कारण त्यात आमचं जेवण शिजतं. अंगाचं पाणी वेगळं, अन्नाचं पाणी वेगळं.”

पेंढारकर काकूंनी हातातली चकल्यांची पिशवी गुपचूप पर्समध्ये ढकलली. पण त्यांचा चेहरा उजळला होता.

“सोवळं आहे हो यांच्यात,” त्या मला म्हणाल्या.

“आणि डोकं पाण्याखाली घालायचं नाही,” तामाती म्हणाला. “त्यात एक जंतू असतो. नाकातून मेंदूत जातो.”

“डोकं बुडवायचं नाही तर ते स्नान कसलं?” काका म्हणाले. “आमच्या वज्रेश्वरीला असं काही नाही.”

तामातीने ‘वज्रेश्वरी’ हा शब्द ऐकला, त्यावर थोडा विचार केला आणि मान डोलावली. मग सगळे पाण्यात उतरले. पुरुष गळ्याइतक्या पाण्यात बसून राजकारण बोलू लागले. बायका गाऊन घालून दुसऱ्या कुंडात. काका डोळे मिटून गुडघ्यावरून हात फिरवत होते आणि सहलीत पहिल्यांदा गप्प होते.

मावशी पाण्यात उतरल्या नव्हत्या. फळीवर बसून त्यांनी पाय तेवढे पाण्यात सोडले होते. डाव्या हाताला निळी पिशवी. मी उजव्या हाताला जाऊन बसलो.

“मावशी, जेवणानंतर ती खिडकी पेंढारकरांना द्यायची आहे,” मी म्हणालो. “वरून आलंय.”

“वरून म्हणजे?”

“पुण्याहून.”

“बोटीपर्यंत थांबा,” त्या म्हणाल्या.

“कुठल्या बोटीपर्यंत?”

“परवा आपण बोटीने दक्षिण बेटावर जाणार ना? तोपर्यंत ती जागा रिकामी राहिली पाहिजे. पलीकडे उतरलो की मी स्वतः पेंढारकरांना बोलावून बसवीन.”

“पण कारण काय? मी पुण्याला काय सांगू?”

“सांगा, बाई हट्टी आहे. ते खरंच आहे.”

“मावशी, मला एवढ्यावर भागवता यायचं नाही.”

“मग असं करा,” त्या म्हणाल्या. “पिशवी उचलायची असेल तर मला आधी विमानात बसवून द्या. मी इथूनच परत जाते. पुढचं मला बघायचं नाही.”

हे त्यांनी चहात साखर नको म्हणावं तशा आवाजात सांगितलं. म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसला. जगाच्या या टोकाला येऊन, अर्धा देश बघायचा टाकून, ही बाई एका पिशवीसाठी परत जाईल, आणि ते खापर माझ्या डोक्यावर फुटेल. मी पुन्हा तोंड उघडलं.

“तीन मिनिटं झाली,” मावशी म्हणाल्या.

झाली नव्हती. एकही झालं नसेल.

कपडे बदलून आम्ही रानात शिरलो. डोक्यावर नेच्यांची झाडं होती, नारळाएवढी उंच. आपल्याकडे नेचा म्हणजे विहिरीच्या भिंतीवरचा पाला. इथे त्याच्या सावलीत माणसं चालतात. तामातीने पहिल्या झुडपापाशी थांबून मान खाली घातली आणि त्यांच्या भाषेत चार शब्द म्हटले. काकूंनी हात जोडले. मग त्याने नेच्याचा एक कोवळा कोंब खुडला. गोगलगाईच्या शंखासारखा गुंडाळलेला तो कोंब, त्याला ते पिकोपिको म्हणतात.

“एका झुडपाचा एकच घ्यायचा,” तो म्हणाला. “बाकीचे झुडपाचे.”

मराठी लोक भाजी खुडायला लागले की एकावर थांबत नाहीत. पण तामाती मागे उभा राहून बघत होता, त्यामुळे थांबले. काकूंना वाटेच्या कडेला एक दुधाळ पानांची भाजी दिसली, तेव्हा मात्र त्या बसकण मारून बसल्या.

“ही तर आपल्या पाथरीची बहीण आहे,” त्या म्हणाल्या. “भाकरीबरोबर कच्ची खातात. विचार रे त्याला, भाकरी आहे का.”

मी विचारलं नाही. पुढच्या वळणावर सगळी सहल एकदम थांबली. वाटेच्या दोन्ही बाजूंना हिरव्यागार, बदामी आकाराच्या पानांची झुडपं होती.

“विड्याची पानं,” वीस माणसं एकाच वेळी म्हणाली.

तामातीने सांगितलं, याला कावाकावा म्हणतात, आणि हे खरोखरच त्या पानाचं नातेवाईक आहे. काकांनी खिशातून सुपारीचं पाकीट काढलं. ते त्यांनी विमानतळावर उघडून दाखवून, अधिकाऱ्याला सुपारीचे फायदे समजावून सांगून सोडवून आणलं होतं.

“भोकं पडलेली पानं घ्या,” तामाती म्हणाला.

यावर सहलीचं एकमत झालं नाही. “किड्याने खाल्लेलं पान आम्ही देवालाही देत नाही आणि माणसालाही देत नाही,” काका म्हणाले.

“किडा वाईट पानावर बसत नाही,” तामाती म्हणाला. “आधी तो चव बघतो, मग आम्ही.”

काकांनी अखंड पान शोधून काढलं, सुपारी घालून विडा केला आणि चावला. जीभ मिरी चावल्यासारखी झाली असणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “चुना हवा होता,” एवढंच ते म्हणाले.

मावशी या चर्चेत नव्हत्या. एका पडलेल्या खोडावर बसून त्यांनी मांडीवर भोकाभोकांची पानं गोळा केली होती. पर्समधून दोऱ्याचं रीळ काढलं होतं. पान दुमडायचं, देठाला दोऱ्याचे दोन वेढे, मध्येच नेच्याचं कोवळं टोक, पुन्हा पान. हात पटापट चालले होते.

“वेणी?” मी विचारलं. “कुठे शिकलात?”

“शिकले नाही. शेजारी बसून बघितलंय,” त्या म्हणाल्या. “शेजारणीचे हात स्वस्थ बसायचे नाहीत. लाइनवर गर्दी नसली की बोर्डावर बसून वेण्या. अबोली म्हणू नका, तेरडा म्हणू नका. एकदा काही मिळालं नाही तर डब्यातल्या कोथिंबिरीची केली.”

“कोथिंबिरीची?”

“साहेबांना वास गेला. मेमो मिळाला तिला.”

मावशी हसल्या. आठवडाभरात मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले. वेणी पूर्ण झाली, पण फार लांब झाली होती आणि वयोमानाने मावशींचा अंबाडा आवळ्याएवढा उरला होता. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी ती सरळ डोक्याभोवतीच बांधून टाकली. हिरव्या पानांचा गोल कपाळावरून मागे गेलेला.

“वाईट दिसतंय का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“दिसलं तरी चालेल. तिने असंच केलं असतं.”

मी पुढचा प्रश्न विचारणार तेवढ्यात तामाती मागे वळला. तो भाजीची टोपली घेऊन पुढे चालला होता. मावशींच्या डोक्याकडे बघून तो जागच्या जागी थांबला. मग माझ्याजवळ आला.

“तिला हे कुणी सांगितलं?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“काय?”

“आत्याला कळवायला हवं,” असं म्हणून तो भराभर घराकडे निघून गेला. बाईंनी काहीतरी अशुभ केलं होतं किंवा कुणाचा तरी अपमान, आणि वीस माणसांचं जेवण अजून शिजायचं होतं. मावशींना वेणी काढा म्हणावं, असं मनात आलं. पण सकाळी एका वस्तूवरून त्यांनी परत जायची धमकी दिली होती. दुसरी वस्तू मागायची माझी छाती झाली नाही.

जेवणघर म्हणजे लांबट लाकडी इमारत होती. तिच्या दारात मेरेआना आत्या उभी होती. ऐंशीच्या पुढची, काळा झगा, हातात काठी. आमची सहल अंगणात पोचली आणि काकूंनी कॅमेरा काढला, कारण आदल्या रात्री हॉटेलात माओरी नाच झाला होता आणि आता तसंच काहीतरी होणार असा सगळ्यांचा अंदाज होता.

आत्याने काठी दाराला टेकवून ठेवली आणि हाक दिली. लांब, चढत गेलेली, मग तुटत खाली आलेली हाक. आदल्या रात्रीच्या गाण्यांशी तिचा काही संबंध नव्हता. काकूंचा कॅमेरा खाली आला.

“काय म्हणतायत त्या?” मी तामातीला विचारलं.

“ये, म्हणते आहे. तुझी गेलेली माणसं बरोबर घेऊन ये, म्हणते आहे,” तो म्हणाला. “ही पानं डोक्यावर बांधून आमच्याकडे दुखवट्याला जातात. दुखवटा घेऊन दारात आलेल्या माणसाला आम्ही नुसतं आत घेत नाही. आधी त्याच्याबरोबर रडतो.”

“अहो, हा गैरसमज आहे,” मी म्हणालो. “आमच्याकडे बायका केसांत फुलं घालतात. ती वेणी आहे. हौस म्हणून.”

“तू तिला विचारलंस?”

मी विचारलं नव्हतं. तरीही मी खुलासा करायला पुढे निघालो, कारण खुलासा करणं हाच माझा धंदा होता. तामातीने माझ्या दंडावर हात ठेवला. हात जड होता.

आत्या अंगणात उतरली. तिने मावशींचे खांदे धरले, कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं आणि तशीच उभी राहिली. मग मागे होऊन तिने सावकाश इंग्रजीत विचारलं, “कुणाला घेऊन आलीस?”

मावशी ‘सॉरी’ म्हणतील असं मला वाटलं. त्यांना इंग्रजी येत होतं, ऑपरेटरचं इंग्रजी. “माय फ्रेंड,” त्या म्हणाल्या. त्यापुढचं त्या इंग्रजीत त्यांना सापडेना, म्हणून त्या मराठीत बोलू लागल्या.

“शरयू साटम. मालवणची. ट्रंक एक्स्चेंजला माझ्या डाव्या हाताला बसायची. अठ्ठावीस वर्षं एकीचं कोपर दुसरीला लागत होतं. तिने लग्न केलं नाही, माझं झालं आणि मालक लवकर गेले, त्यामुळे आम्ही दोघीच. ती म्हणायची, आपण सगळ्या जगाला जोडून दिलं, स्वतः कुठे गेलो नाही. म्हणून लांबातलं लांब ठरवलं. इथलं. उत्तर बेटावर खिडकी तिची, दक्षिण बेटावर माझी. तिनेच ठरवलं. तिला सगळ्याचीच घाई.”

आत्या मान हलवत होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं.

“व्हिसा आला आणि ती गेली. भाच्याच्या घरी. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर भाचेसून म्हणाली, आपण कोण? मी काय सांगणार? बहीण नाही, भावजय नाही. तिने चहा दिला. चहा चांगला होता. मला सुतक नाही, सोयर नाही, मला भेटायला कुणी आलं नाही. दहाव्याला मी मागे उभी होते. कावळा शिवेना. भाचा म्हणाला, घर विकणार नाही. सून म्हणाली, तुमचे देव नीट ठेवीन. शिवेना. ऊन चढलं. दर्भाचा कावळा करायला निघाले. सगळे म्हणत होते, काय राहिलं असेल हिच्या मनात. मला माहीत होतं काय राहिलं होतं. पण मला कुणी विचारलं नाही. मी मागूनच मनात म्हटलं, शरे, नेते तुला. खिडकीत बसवून नेते. मग शिवला.”

आत्याने मावशींना जवळ ओढलं आणि मोठ्याने रडायला लागली. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग मावशीही रडल्या. इतका वेळ सरळ असलेली ती बाई कमरेतून वाकून, आवाज काढून रडली. परक्या देशात, परक्या अंगणात, तिला तिच्या मैत्रिणीसाठी रडायला कुणीतरी जागा करून दिली होती.

मावशींच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. त्या आत्याशी बोलत होत्या, पण पाठीमागे वीस माणसं उभी होती आणि त्या सगळ्यांना मराठी येत होतं. काकू पदराने डोळे पुसत होत्या. काका व्हरांड्याच्या छताचे सांधे तपासत होते, आणि ते सांधे बराच वेळ तपासत राहिले. दुभाषा मीच होतो आणि मला दोन्हीकडून कुणी काही विचारलं नव्हतं.

शेवटी आत्याने मावशींच्या डोक्यावरची वेणी उतरवली आणि बाहेरच्या खांबावरच्या खिळ्याला अडकवली. ती जेवणघरात न्यायची नाही, तामाती म्हणाला. गेलेल्यांचं बाहेर, अन्नाचं आत. आत्याने दाराशी ठेवलेला पाण्याचा जग उचलला. मावशींनी न सांगता दोन्ही हात पुढे केले. आत्याने त्यांवर पाणी घातलं.

“आता जेव,” ती म्हणाली.

मावशी आत गेल्या. त्यांच्यामागे पेंढारकर काका पुढे झाले आणि त्यांनीही हात पुढे केले. आत्याने तामातीकडे बघितलं, मग काकांच्या हातांवर पाणी घातलं. मग काकूंनी हात धरले. मग त्यांच्यामागच्यांनी. बघता बघता सगळी सहल हात पुढे करून रांगेत उभी राहिली. भेटायला येऊन हातावर पाणी न घेता कसं जायचं, असा प्रत्येकाचा चेहरा होता. तामातीला तो जग पुन्हा पुन्हा भरून आणावा लागला. मीही हात धुतले.

जेवायला वाफेवरचे बटाटे, रताळी, मक्याची कणसं आणि आम्ही खुडलेली भाजी होती. पिकोपिको ओल्या काजूसारखे लागले. पाथरीची बहीण कडू होती, पण काकूंनी ती दोनदा घेतली. मग त्यांनी कुणाला न विचारता एक जास्तीचं ताट वाढलं आणि मावशींच्या डाव्या हाताला ठेवलं.

“सवाष्ण होत्या का हो त्या?” काकूंनी विचारलं.

“लग्नच केलं नव्हतं,” मावशी म्हणाल्या.

काकूंनी क्षणभर विचार केला. “मग काही प्रश्न नाही. वेणी चालते,” असा त्यांनी निकाल दिला.

काका मध्येच उठून लंगडत बाहेर गेले होते. ते परत आले आणि त्यांनी त्या ताटाच्या कडेला एक विडा ठेवला. पानाला भोकं होती. “किड्याने पास केलेलं आहे,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले.

जेवणं झाली आणि खरा पेच उभा राहिला. मी बसमध्ये पहिल्या रांगेपाशी उभा होतो. मावशी त्यांच्या जागेवर, खिडकीत पिशवी आणि माझ्या डोक्यावर पुण्याचा हुकूम. पेंढारकर काका पायऱ्या चढून आले. पिशवीकडे बघितलं, मग खिडकीबाहेर वाफेकडे.

“काका, ती जागा...” मी सुरू केलं.

“माझा गुडघा बरा आहे आज,” ते म्हणाले. “पाण्याचा गुण.”

ते सहाव्या रांगेत गेले. तिथे त्या पायाने बसायला त्यांना फार वेळ लागला, पण त्यांनी तोंडातून आवाज काढला नाही. काकू मागून आल्या. पिशवी एका बाजूला कलली होती, ती त्यांनी सरळ करून खिडकीच्या जवळ सरकवली आणि मग आपल्या जागेवर गेल्या. मी पुण्याला कळवलं की पेंढारकरांची तक्रार राहिलेली नाही. मालक म्हणाले, बघ, ठाम राहिलं की होतं सगळं.

बोटीपर्यंत बसमध्ये खिडकीवरून कुणी चकार शब्द काढला नाही. उजवीकडे ज्वालामुखीचा डोंगर आला तेव्हा पिशवी डावीकडे होती; मागून कुणीतरी ‘अरे, तिकडून दिसत नाही त्यांना’ असं म्हणालं, आणि मी ड्रायव्हरला सांगून पुढच्या वळणावर गाडी तोंड फिरवून उभी करवली. मावशींनी पिशवी छातीशी घेतली आणि खाली उतरून डोंगर बघून आल्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही बोटीने दक्षिण बेटावर उतरलो. तिथे नवीन बस होती आणि जागा पुन्हा पहिल्यापासून लागणार होत्या. मी काही बोलायच्या आत लोकांनी पहिली रांग मोकळी सोडून मागे बसायला सुरुवात केली. मावशी चढल्या. वारा बोचरा होता; त्यांनी अंगात मोरपंखी रंगाचा स्वेटर घातला होता, दोन मापं मोठा. निळी पिशवी रिकामी होती. तिची घडी करून त्यांनी ती पर्समध्ये टाकली आणि खिडकीत जाऊन बसल्या.

“साउथला खिडकी माझी,” त्या म्हणाल्या. मग मागे वळून हाक मारली, “पेंढारकर, या. पाय लांब करा.”

काका आले. बसले. पाय लांब केला आणि समाधानाने सुस्कारा सोडला. बस सुटली. बाहेर दगडगोट्यांतून एक निळी नदी धावत होती आणि तिच्यावर एकही धरण नव्हतं, हे काकांना सहन झालं नाही. ते पाणी कसं वाया जातंय, भिंत कुठे घालता येईल, कालवे कुठून काढता येतील, हे त्यांनी मावशींना सांगायला घेतलं. उजवा कालवा झाला. डावा कालवा सुरू झाला. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. स्वेटरच्या बाह्या त्यांनी बोटांवर ओढून घेतल्या होत्या.

“पेंढारकर, तीन मिनिटं झाली,” त्या म्हणाल्या.

मागच्या रांगांमधलं बोलणं थांबलं. काकाही थांबले. मग मावशी खिडकीतून वळल्या.

“वाढवायची का?” त्यांनी विचारलं.

“वाढवा,” काका म्हणाले.

“बोला,” मावशी म्हणाल्या.